एक जूनचे तायडे सर

तायडे सरांचा मला सुरुवातीला चांगलाच राग यायचा, हे आधीच कबूल करते. मी गणिताची. सहावीच्या वर्गात मी घसा कोरडा करून शेकडेवारी शिकवत असायची आणि भिंतीपलीकडून एकदम हशा नाहीतर ‘अरे बापरे’ ऐकू यायचं. माझी पोरं फळा सोडून भिंतीकडे बघत बसायची. इतिहासाच्या तासाला पोरांनी पेंगायचं ही आपल्याकडची जुनी रीत. हे गृहस्थ ती मोडून बसले होते.

आमची शाळा मोताळा तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. रोहिणखेडहून धामणगाव बढ्याकडे जाताना मधे आत वळावं लागतं. मी मोताळ्याहून स्कूटीवर येते. मुख्याध्यापकाचं पद रिकामं आहे, म्हणून त्या खुर्चीचा भारही माझ्यावर. म्हणजे गणित माझं, खिचडीची चव बघणं माझं आणि कुलपांच्या किल्ल्याही माझ्याच. प्रेमानंद तायडे सर तीन वर्षांपूर्वी बदली मागून इथं आले. निवृत्तीला तीन वर्षं उरलेला माणूस तालुक्याच्या जवळ जायला बघतो. हे उलटे आडगावात आले, तेव्हाच मला वाटलं, काहीतरी गडबड दिसते.

त्यांचं सगळं सामान एका पिशवीत मावायचं. लग्नाची शूटिंग करणाऱ्या माणसाकडून घेतलेला जुना प्रोजेक्टर, वायरचं भेंडोळं आणि एक पांढरी चादर. चादर खिळ्यांना टांगायची, खिडक्यांना पोती लावायची, की झाला पडदा. चादरीच्या काठाला निळ्या दोऱ्याची फुलं भरलेली होती. जयमालाताईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी भरलेली. ताई जाऊन आठ वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. पडद्यावर काहीही दाखवा, किल्ला, लढाई, लेणी, कडेला ती निळी फुलं असायचीच. सहामाहीच्या पेपरात एका मुलानं लिहिलं होतं की किल्ल्याच्या तटाला निळी फुलं कोरलेली असत. मी तो पेपर हसत हसत सरांना दाखवला. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला पूर्ण गुण दिले आणि मी उगीच ओशाळले.

एक दिवस रागाच्या भरात मी त्यांच्या वर्गात शिरले. म्हणणार होते की सर, आवाज जरा कमी. पण पडद्यावर बघितलं आणि दारातच थांबले. कुठला राजा नाही, लढाई नाही. आमच्याच शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचं पान. कोण पोर कधी शाळेत आलं, कधी गेलं, याची नोंद ज्यात असते ते जाडजूड रजिस्टर माझ्याच कपाटात असतं, पण मी ते दाखल्यापुरतं उघडते.

“वाचा बरं जन्मतारखा,” सर म्हणाले.

पोरं सुरात वाचायला लागली. एक जून. एक जून. एक जून. सहाव्या-सातव्या ओळीला फिसफिस सुरू झाली.

“काऊन हसता बे? गावातल्या साऱ्या बाया एकाच दिवशी बाळंत झाल्या. त्या सुईणीची काय धावपळ झाली असन, जरा इचार करा.”

वर्ग फुटला. मीही हसले. मग सरांनी समजावून सांगितलं. तेव्हा जन्माची नोंद कोण ठेवणार? बाप पोराला घेऊन शाळेत यायचा, गुरुजी विचारायचे, कधीचा हाये? बाप म्हणायचा, ज्वारी कापून राह्यलो होतो तेव्हाचा. गुरुजी पोराकडे बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख लिहायचे एक जून. माझ्या स्वतःच्या वडिलांची तारीख एक जून आहे. मी दरवर्षी त्या दिवशी त्यांना फोन करते. ती खरी नसेल, हे मला चाळीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

“रजिस्टरात लिहिलं ते सरकारचं,” सर म्हणाले. “खरं काय ते माणसाले इचारा. आपापल्या आजोबाचा खरा वाढदिवस शोधून आणा. हाच अभ्यास.”

पंधरा दिवसांत गावात गोंधळ. पोरं म्हाताऱ्यांच्या पाठीच लागली. सातवीतल्या अपेक्षाचे आजोबा नारायणराव, सगळा जन्म एक जूनचे, ते निघाले चीनच्या लढाईच्या सालातले, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचे. अपेक्षानं ती लढाई कुठं झाली, काऊन झाली, सगळं खोदून काढलं आणि पडद्याशेजारी उभी राहून सांगितलं. आजोबांना पुढच्या बाकावर बसवलं होतं. त्यांना चीनचं फारसं घेणंदेणं नव्हतं. आपण दिवाळीला जन्मलो, एवढ्यावरच ते खूश होते. कोणाचे आजोबा गावात लाईट आली त्या आठवड्यातले, कोणाचे नदीला पूर आला त्या सालचे. माझ्या तासाला पेंगणारी पोरं सनावळ्या घडाघडा म्हणायला लागली. माझा राग कधी गेला, मला कळलंसुद्धा नाही.

मग फेब्रुवारीत एक दिवस पडद्यावर १९७३ चं पान आलं आणि अपेक्षा ओरडली, “सर, हे तं तुमचं नाव हाये!”

तायडे प्रेमानंद. दाखल आठ जानेवारी १९७३. जन्म एक जून १९६६. इयत्ता पहिली. सर या गावचे होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. वर्षभरात बाप त्यांना घेऊन भुसावळला गेला, हमाली करू लागला, तिथंच वारला, आणि पुढचं सगळं शिक्षण वसतिगृहात, एवढं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. गावात तायड्यांचं एकही घर उरलेलं नाही.

“मंग तुमचा खरा वाढदिवस कधी, सर?”

“मले नाही माहीत,” सर म्हणाले. “माझाच अभ्यास कोरा हाये बेटा. त्याच्यासाठीच तं आलो इथं. या पानावरचे जेवढे जिवंत होते, त्या साऱ्याइले भेटलो. पण प्रेमानंद तायडे कोणाच्याच ध्यानात नाही.”

सरांनी पटकन पुढची स्लाईड लावली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, “सर, एका तारखेचं एवढं काय? समजा सापडली, तर करणार काय?” मी बोलायला अशीच आहे, तोंडावर बोलते.

सर चादरीची घडी घालत होते. “तारीख नाही हो पाहिजे मॅडम. आई मेली तेव्हा मी केवढा होतो, तेही मले माहीत नाही. फोटो नाही. गोकर्णा नाव होतं, एवढंच बाप सांगे. तारीख ज्याले माहीत असन, त्यानं तिले पाह्यलं असन ना.” घडी पूर्ण झाल्यावर म्हणाले, “मले अरे म्हणणारं शेवटचं माणूस म्हणजे आमच्या वसतिगृहाचा आचारी. त्याले जाऊन अठरा वर्षं झाली. आता सारे सर म्हणतात. तुम्ही पण.”

मी म्हटलं, उशीर होतोय, निघते.

पण मनातून ते जाईना. ते गावातच एका खोलीत भाड्यानं राहायचे. एका रविवारी दुपारी पोषण आहाराच्या कागदावर सही हवी होती म्हणून मी गेले. दार लोटलेलं, आतून सरांचा आवाज. भिंतीवर प्रोजेक्टरनं पुढच्या आठवड्याचा धडा लावला होता आणि सर एकटेच त्याचा सराव करत होते. “समजलं का?” त्यांनी विचारलं आणि थांबले. पोरांना ‘हो सर’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबले. मग पुढं बोलायला लागले. चुलीवर, म्हणजे गॅसवर, एका माणसाचा भात होता. मी सही न घेता परत आले. मला फार एकटं वाटलं, त्यांच्या वाटचं.

एप्रिल उजाडला. निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे अर्धे मास्तर प्रशिक्षणाला. ईद झाल्यावर दोन दिवसांनी सातवीतली हीना माझ्याकडे आली. सर बुलढाण्याला ट्रेनिंगला गेले होते.

“मॅडम, सरचा अभ्यास झाला,” ती म्हणाली आणि वही पुढं केली. “सराले आत्ताच नका सांगू. आमचं सरप्राइज हाये.”

हीनाची आजी सरवरीबी लेकीकडे डोणगावला असते. ईदला गावी आली होती. या शोधात तिच्याकडे जावं, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, सरांच्यासुद्धा. कारण सरांनी यादी केली ती रजिस्टरावरून. सरवरीबी शाळेत कधी गेलीच नाही, तर रजिस्टरात कुठून असणार? ‘खरं काय ते माणसाले इचारा’ म्हणणारे सर स्वतः मात्र रजिस्टरातल्याच माणसांना विचारत फिरले होते.

हीनाच्या वहीत असं लिहिलं होतं. मी जसंच्या तसं उतरवते.

‘दादीला विचारले, प्रेमानंद तायडे माहीत आहे का. दादी म्हणाली, प्रेमानंद कोन बापा, तायड्याच्या घरी तं पोळ्या होता. पोळ्याच्या करीला झाला म्हणून त्याची आई त्याले पोळ्या म्हने. दादीचे लग्न होऊन ती गावात आली त्याच साली. साल १९६८. गोकर्णाबाई आणि दादी शेजारी राहत. गोकर्णाबाई खूप जोरात हसत असे. ती उंच होती आणि तिच्या हनुवटीवर गोंदलेले होते. बहात्तरच्या दुष्काळात ती तापाने वारली. पोळ्या चार वर्षांचा होता. घरात काही खायला नव्हते. शाळेत नाव असलेल्या मुलांना सुकडी म्हणजे सरकारी कोरडा खाऊ मिळे. पोळ्याच्या वडिलांनी त्याला शाळेत नेले. दादी पण गेली. गुरुजी म्हणाले, हे तं चार वर्षांचं लेकरू हाये, पहिलीत सहाचं लागते. दादी म्हणाली, गुरुजी, लिहा ना सहा. तुमचं काय जाते? लेकराले सुकडी तं भेटन. गुरुजींनी थोडा वेळ पोळ्याकडे पाहिले आणि सहा लिहिले. मग दादी रडली. का रडली ते माहीत नाही.’

करीचा दिवस म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. जुनं पंचांग शोधलं. चोवीस ऑगस्ट १९६८.

आणि मग मी गणिताची असल्याचं मला पहिल्यांदा दुःख झालं. कारण वजाबाकी डोक्यात आपोआप झाली. रजिस्टराप्रमाणे सरांना एकतीस मेला अठ्ठावन्न पूर्ण. खऱ्या तारखेप्रमाणे त्यांची नोकरी ऑगस्ट २०२६ पर्यंत. मधे दोन वर्षं आणि तीन महिने. तो प्रोजेक्टर, ती चादर, ‘समजलं का’ म्हटल्यावर ‘हो सर’ म्हणणारी पोरं, याशिवाय ज्या माणसाकडे काहीच नाही, त्याची दोन वर्षं तीन महिने. आणि नोकरीच्या शेवटाला जन्मतारीख बदलत नाही, हा नियम मला पाठ आहे. पुरावा म्हणून काय जोडणार, सरवरीबीची आठवण?

मी हीनाला म्हटलं, वही माझ्याकडे राहू दे. वही कपाटात ठेवली, त्या रजिस्टराच्याच खाली. सांगावं तर त्यांच्या हातात काय पडणार? आई मिळणार आणि त्याच वाक्यात दोन वर्षं जाणार. न सांगावं तर लपवून ठेवणारे आपण कोण? मी भित्री निघाले. हीना रोज विचारायची, “सांगितलं का, मॅडम?” मी म्हणायची, निरोपाच्या दिवशी सांगू. एक मेला निकाल लागला, शाल-श्रीफळ झालं, पोरं रडली, अपेक्षानं भाषण केलं. हीना माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मग सुट्टी लागली.

एक जूनला जन्मलेल्या सरकारी माणसाचा शेवटचा दिवस एकतीस मे. आणि एकतीस मेला शाळेत काळं कुत्रं नसतं. राज्यातले कितीतरी मास्तर असेच रिकाम्या शाळेतून निवृत्त होतात. सरांना पदभाराच्या कागदावर सही करायची होती, म्हणून मी किल्ल्या घेऊन आले. ऊन असं की स्कूटीचं हँडल धरवत नव्हतं. सर आधीच येऊन पायरीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, शेजारी ती पिशवी आणि जेवणाचा डबा.

ऑफिसात पंखा लावला. सह्या झाल्या. पाच मिनिटांचं काम. सरांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. “प्रोजेक्टर शाळेले राहू द्या. चादर मी नेतो.”

“सातवीला कोण शिकवणार, सर?”

“येईन कोणी तरी.”

कोणी येणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते उठले. एकदा सातवीच्या वर्गात जाऊन येतो म्हणाले. मी मागून गेले. वर्गात धूळ, बाकं एकावर एक रचलेली, भिंतीत चादरीचे दोन खिळे. सर खिळ्यांकडे बघत उभे राहिले आणि सवयीनं पुटपुटले, “समजलं का?”

मला राहवलं नाही. मी ऑफिसात जाऊन कपाट उघडलं, वही आणली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, “सर, हे दीड महिन्यापासून माझ्याकडे आहे. मला माफ करा.”

त्यांनी उभ्यानंच वाचलं. पहिल्यांदा झरझर, मग परत सुरुवातीपासून, बोट फिरवत, पहिलीतल्या मुलासारखं. मी त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षं तीन महिने शोधत होते. त्यांनीही हिशेब केला असणारच, तेवढं गणित कोणालाही येतं.

“जोरात हसे,” ते म्हणाले. “मॅडम, माझी आई जोरात हसे.”

“हो, सर.”

“आणि सुकडी मले आठवते. तिचा वास आठवते. मले वाटे, सारे पोरं शाळेत सुकडीसाठीच येतात.” वही मिटून म्हणाले, “गुरुजीनं खोटं लिहिलं म्हणून मी वाचलो. आता त्याले काय नावं ठेवायची?”

“पण तुमची दोन वर्षं, सर.”

“हाव,” ते म्हणाले. “ते तं हायेच.” आणि खाली मान घालून रडले. मीही रडले. लपवायचं तरी कोणापासून होतं तिथं?

मी हीनाच्या वडिलांना फोन करून डोणगावचा नंबर घेतला. सर नको नको म्हणत होते. म्हणे, म्हाताऱ्या बाईले उन्हातान्हात काऊन तरास द्यायचा, आणि मी बोलू तरी काय. ज्या माणसानं सगळ्या गावाच्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं, तो एका म्हातारीला घाबरत होता. मी ऐकलं नाही. स्पीकर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

पलीकडे बराच वेळ खुडबूड. मग एक चिरका आवाज. “हॅलो. कोन?”

“मी... मी प्रेमानंद तायडे. शिक्षक. तुमच्या हीनाच्या शाळेत—”

“कोन प्रेमानंद?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“पोळ्या,” ते म्हणाले. “गोकर्णाचा पोळ्या.”



“या अल्ला. पोळ्या का बे तू? कुठी होता बे एवढे दिवस?” मग आवाज एकदम उतरला. “हीना सांगे, तुही नोकरी सरली म्हने आज. माह्याच्यानं झालं ते. म्याच म्हटलं होतं गुरुजीले, सहा लिहा.”

“नाही, मावशी,” सर म्हणाले. “बरं केलं तुम्ही.”

“तुम्ही काय म्हनते बे मले? अंगाखांद्यावर खेळवलं तुले.” नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती तिच्या नेहमीच्या आवाजात आल्यासारखी म्हणाली, “जेवला का बे?”

दुपारचा एक वाजून गेला होता. डबा पायरीवर तसाच होता.

“नाही,” सर म्हणाले. “नाही जेवलो, मावशी.”